मतदान केंद्र आणि त्यापुढचा 'अ' : पंढरपूर-मंगळवेढा पोटनिवडणुकीतील एक सकाळ

17 एप्रिल 2021 रोजी झालेल्या पंढरपूर-मंगळवेढा विधानसभा पोटनिवडणुकीत मी मंगळवेढा तालुक्यातील आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत आईसोबत मतदान केले. उमेदवारांविषयी आणि दक्षिण भागातील गावांच्या पाणीप्रश्नाविषयी पुष्कळ लिहून झालेले आहे. शाळेच्या फाटकापासून बोटाला शाई लागेपर्यंत मतदाराला जी सेवा मिळते, तिच्याविषयी मात्र कोणी लिहीत नाही, म्हणून हे परीक्षण.

आमदार भारत भालके यांचे नोव्हेंबर 2020 मध्ये निधन झाले. रिकामी झालेली जागा सहा महिन्यांच्या आत भरावी, असे कायदा सांगतो. त्यामुळे ही निवडणूक करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात आली. राज्यभर 14 एप्रिलच्या रात्रीपासून कडक निर्बंध लागू झाले होते आणि आमच्या मतदारसंघाला मतदान उरकेपर्यंत त्यांतून सूट होती. ही सूट कोणाच्या सोयीची होती, हे गावात सर्वांना कळत होते. प्रचाराच्या सभांत खांद्याला खांदा लावून बसलेल्या माणसांना मतदानाच्या दिवशी मात्र फक्कीने आखलेल्या वर्तुळांत उभे केले गेले. तरीही केंद्रावर काम करणाऱ्या मंडळींना त्याचा दोष देता येणार नाही. त्यांच्या हातात होते ते त्यांनी नीट केले.

मतदानाची वेळ सकाळी 7 ते सायंकाळी 7 अशी एका तासाने वाढवलेली होती. एप्रिलमधील आमच्याकडचे ऊन ज्याने सोसले आहे, त्याला या एका तासाचे मोल सांगावे लागत नाही. दहानंतर शाळेच्या पत्र्याखाली उभे राहणे म्हणजे तव्याखाली उभे राहणे. आम्ही सव्वासातला पोहोचलो. फाटकाशी आशाताईंनी कपाळासमोर यंत्र धरून ताप पाहिला, हातावर सॅनिटायझर दिले आणि उजव्या हातासाठी प्लास्टिकचा पातळ मोजा दिला. शाई डाव्या तर्जनीला लागते, त्यामुळे मोजा एकाच हाताला पुरेसा होतो, हा विचार ज्याने केला त्याचे कौतुक वाटले. तो मोजा घालून नोंदवहीत सही करताना पेन निसटतो, ही गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नसावी. माझी सही माझी मलाच ओळखू आली नाही.

रांगेत असताना घडलेला प्रकार थोडा सविस्तर सांगण्याजोगा आहे. करोनामुळे एका केंद्रावर हजाराहून अधिक मतदार नकोत, असा दंडक होता. त्यामुळे मोठ्या केंद्रांचे दोन भाग करून दुसऱ्याला त्याच क्रमांकापुढे 'अ' लावून सहायक केंद्र केले होते. योजना योग्यच होती; पण हा 'अ' दारावरच्या कागदावर इतका बारीक छापला होता की चष्मा लावूनही आईला तो दिसला नाही. अर्धा तास रांगेत उभे राहून आत गेल्यावर, यादीवर बोट फिरवीत बसलेले अधिकारी शांतपणे म्हणाले, "आजी, तुमचं नाव इथं नाही, पलीकडच्या वर्गात बघा." आई पुन्हा दुसऱ्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. आमच्या पुढचे एक वृद्ध गृहस्थ मात्र "जाऊ द्या" म्हणून काठी टेकत घराकडे वळले. घरी आलेल्या मतदार चिठ्ठीवर जुनाच क्रमांक होता आणि बदल सांगायला घरी कोणी आले नव्हते. 80 वर्षांवरील मतदारांना टपाली मतपत्रिकेची सोय होती. आईला त्यासाठी एक वर्ष कमी पडले.

आतील कामाविषयी मात्र तक्रारीला जागा नाही. पहिले अधिकारी नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचतात, म्हणजे मागे बसलेले पक्षांचे प्रतिनिधी आपापल्या यादीवर खूण करतात. दुसरे सही घेऊन शाई लावतात आणि एक चिठ्ठी देतात. तिसरे ती चिठ्ठी घेऊन मतदान यंत्र सुरू करणाऱ्या नियंत्रण यंत्राची कळ दाबतात आणि मग पुठ्ठ्याच्या आडोशामागे आपण एकटे उरतो. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्राच्या काचेमागे उमेदवाराचे नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते. हे सात सेकंद तरुणाला पुरेसे आहेत. आईचे निम्मे चष्मा सावरण्यात गेले, पण चिन्ह तिने पाहिले आणि ती समाधानाने बाहेर आली. नागालँडमधील नोकसेन या ग्रामीण मतदारसंघात 2013 साली हे चिठ्ठीचे यंत्र पहिल्यांदा वापरले गेले, तीही पोटनिवडणूकच होती.

पिण्याच्या पाण्याचा जार होता, रॅम्प होता, चाकांची खुर्चीही होती. मोबाईल आत नेता येत नाही आणि ठेवायला जागाही नव्हती, म्हणून लिंबाखाली बसलेल्या एका पोरापाशी वीसेक मोबाईल रुमालावर मांडलेले होते. वापरलेल्या मोज्यांसाठी ठेवलेली पेटी नऊ वाजताच भरली आणि पुढचे मोजे वाऱ्याने शेजारच्या कडब्याच्या गंजीला जाऊन चिकटले.

2 मे रोजी निकाल लागला. भाजपचे समाधान आवताडे यांनी राष्ट्रवादीचे भगीरथ भालके यांचा 3 हजार 733 मतांनी पराभव केला. हजाराची मर्यादा धरली तर हा फरक चार केंद्रांच्या यादीतही मावतो. निकाल ऐकताना मला काठी टेकत परतलेले ते गृहस्थ आठवले. त्यांनी कोणाला मत दिले असते, हे मला ठाऊक नाही. त्यांचे नाव 'अ' केंद्राच्या यादीत होते, एवढे मात्र नंतर कळले.

आतील सेवेला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, फाटकापासून दारापर्यंतच्या सेवेला दोन. पुढच्या वेळी तो 'अ' खडूने का होईना, भिंतीवर हातभर मोठा काढावा.