प्लास्टरचा साचा की सिलिकॉनचा? घरी मासेमारीची सॉफ्ट प्लॅस्टिक आमिषं ओतणाऱ्यांसाठी

प्लॅस्टिसॉल, म्हणजे तेलकट प्लॅस्टिसायझरमध्ये कालवलेली पीव्हीसीची पूड, तापवण्यापर्यंत सगळ्यांची वाट एकच. दुधासारखा द्रव मधेच घट्ट गोळा होतो आणि १७५ अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा पातळ, नितळ, ओतण्याजोगा होतो. फाटा फुटतो तो यापुढे: ओतायचं कशात? तयार अ‍ॅल्युमिनियमचा साचा घेतला तर चकाकी उत्तम मिळते आणि आमिष झटपट थंड होतं. पण आकार दुसऱ्याने ठरवलेला, आणि बहुतेक साच्यांना सोबत इंजेक्टरही, म्हणजे द्रव दाबाने आत भरणारी पिचकारी, लागतो. स्वतः घडवलेली अळी किंवा मनासारखी पॅडलटेल (वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचं आमिष) हवी असेल, तर निवड उरते ती प्लास्टर ऑफ पॅरिस आणि सिलिकॉन यांच्यात. इथे एका बाजूने उघडा, वरून ओतायचा साचा धरून चाललो आहे.

सुरुवात बहुतेक जण प्लास्टरने करतात, आणि त्यात गैर काही नाही. ज्या आमिषाचा साचा घ्यायचा तो नमुना सपाट बाजूने काचेवर सुपरग्लूने चिकटवायचा. चिकटवला नाही तर मऊ आमिष प्लास्टरवर तरंगतं आणि साच्याच्या पोटात गडप होतं. भोवती चौकट, फटी मॉडेलिंग क्लेने बंद, नमुन्यावर व्हॅसलीनचा पुसट हात. वजनाने १०० भाग प्लास्टरला ६५ ते ७० भाग पाणी; पाण्यात प्लास्टर भुरभुरवायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही, नाहीतर गुठळ्या होतात. नमुन्याच्या माथ्यावर निदान दोन सेंटिमीटर थर यायला हवा. अर्ध्या तासात घट्ट होतं. क्ले, लाकूड, रेझिनचा थ्रीडी प्रिंट, नमुना कशाचाही चालतो. फक्त कडक नमुन्याच्या कडा आत वळलेल्या असतील तर तो साच्यातून सुटत नाही.

गोची होते ती घट्ट झाल्यावर. एक किलो प्लास्टरला घट्ट होण्यासाठी रासायनिक हिशेबाने १९० ग्रॅमच्या आतच पाणी पुरतं. आपण घातलेलं असतं ६५० ते ७००. उरलेलं सुमारे अर्धा लिटर पाणी छिद्रांमध्ये दबा धरून बसतं. हाताला साचा कोरडा लागतो, पण गरम प्लॅस्टिसॉल पडताच त्याची वाफ होते. मग आमिषात बुडबुडे, आणि नशीब फारच वाईट असेल तर बाहेर उडणारे शिंतोडे, जे कातडीला चिकटून बसतात. त्यामुळे स्पर्शावर भिस्त न ठेवता साचा रोज वजन करून पाहावा. सलग दोन दिवस वजन उतरलं नाही की तो सुकला. घाई असेल तर ओव्हन जेमतेम कोमट ठेवावा. जास्त आचेने प्लास्टर तडकतं.

इथपर्यंत धीर धरता येतो. खरी कटकट पुढेच आहे, आणि माझ्यापुरता निकाल तिनेच लावला. पूर्ण सुकलेलं प्लास्टर म्हणजे जिप्सम, आणि जिप्समच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा हे त्याच्या घडणीत बांधलेलं पाणीच असतं. १७५ अंशांना तेही सुटतं. म्हणजे दर ओतणीला साच्याचा आतला पातळसा थर पाणी सोडतो आणि भुसभुशीत होत जातो. म्हणून आतून लेप द्यावा लागतो: पाण्याने पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचे दोन-तीन हात, किंवा इपॉक्सीचा एक पातळ थर. इपॉक्सीने आमिषाला जी झळाळी येते तिला तोड नाही, हे मान्य केलं पाहिजे. पण वाफ लेपामागेही तयार होतेच. पंधरा-वीस ओतण्यांनंतर लेप सुटायला लागतो, आणि सुटतो तो नेमका शेपटीच्या निमुळत्या खाचेत, कारण आमिष काढताना सगळी ओढ तिथेच बसते. त्याची पापुद्र्यासारखी कपची आमिषाला चिकटून येते. दुरुस्ती म्हणून पुन्हा लेप दिला की खाच थोडी अरुंद होते, अंगावरच्या कड्या थोड्या बुजतात. तिसऱ्या लेपापर्यंत शेपटी पाण्यात पहिल्यासारखी हलत नाही, आणि सॉफ्ट प्लॅस्टिकमध्ये सगळी मजा शेपटीतच असते. इतरांना हे इतकं खुपणारही नाही कदाचित.

सिलिकॉनला लेप लागत नाही. प्लॅटिनम क्युअर जातीचं, म्हणजे प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारं, घ्यावं. टिन क्युअर, म्हणजे कथिलाच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारं, कालांतराने आकसतं. प्रमाण डब्यावर असेल तेच, वजनकाट्यावर मोजून. किती लागेल याचा हिशेब सोपा आहे: चौकट १२ बाय ६ बाय २.५ सेंटिमीटर असेल तर १८० घनसेंटिमीटर, आणि सिलिकॉन पाण्यापेक्षा किंचित जड, म्हणून साधारण २०० ग्रॅम. ढवळून झाल्यावर दुसऱ्या भांड्यात काढून पुन्हा ढवळावं, कारण पहिल्या भांड्याच्या कडेला न मिसळलेला भाग राहतो आणि साच्यावर त्याचे चिकट डाग उमटतात. आधी ब्रशने नमुन्यावर पातळ हात द्यावा, मग चौकटीच्या कोपऱ्यातून, उंचावरून, बारीक धारेने ओतावं. धार ताणली गेली की हवा फुटते.

सिलिकॉनचेही नखरे आहेत, आणि ते महाग पडतात. गंधक असलेली क्ले, लॅटेक्सचे हातमोजे, रेझिनचा ताजा थ्रीडी प्रिंट, यांच्या संपर्कात प्लॅटिनम सिलिकॉन घट्टच होत नाही, नमुन्यालगत चिकट राहतं. टिनयुक्त स्टॅबिलायझर (प्लॅस्टिक उष्णतेने बिघडू नये म्हणून घातलेलं रसायन) असलेल्या पीव्हीसीचंही तेच, म्हणून विकतचं आमिष नमुना म्हणून वापरणाऱ्यांनी विशेष जपावं. चमचाभर सिलिकॉन नमुन्याच्या कोपऱ्यावर लावून रात्रभर ठेवलं की काय ते कळतं. नमुन्याला पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचे दोन हात देऊन बरेचदा काम भागतं, नेहमी नाही. हातमोजे नायट्राइलचे.

शिवाय सिलिकॉन उष्णता धरून ठेवतं. घड्याळ लावून पाहिलेलं नाही, पण प्लास्टरमध्ये तीन-चार मिनिटांत सुटणाऱ्या आमिषाला इथे जवळपास दुप्पट थांबावं लागतं असं हाताला जाणवतं. एकाच साच्यात चार खाचा केल्या की ते टोचत नाही. उलट याच सावकाशीमुळे पातळ शेपटी टोकापर्यंत भरते. थंड प्लास्टरमध्ये ती अर्ध्यावर गोठते. चकाकीच्या बाबतीत सिलिकॉन आरसा आहे: नमुना मंद तर आमिष मंद, त्यामुळे नमुन्यालाच वॉर्निश लावून ठेवावं. आणि ओतताना साचा सपाट फरशीवर हवा. लवचीक साचा खालून वाकला तर आमिषाचं पोटही वाकडं येतं.

थंड होताना प्लॅस्टिसॉल आकसून वरची बाजू खोलगट होते, हे दोन्हीकडे सारखंच. काठोकाठपेक्षा किंचित फुगीर ओतलं की झालं. भांड्यातला उरलेला द्रव पिवळसर होऊ लागला, वास झोंबायला लागला, तर तो जास्त तापून हायड्रोजन क्लोराइड सोडतो आहे. तेव्हा साच्याचा विचार सोडून आच बंद करावी आणि खोलीबाहेर पडावं.

आकार अजून ठरत नसेल, दोन-चार नग ओतून पाण्यात कसा चालतो एवढंच पाहायचं असेल, तर प्लास्टर बरं. साचा टाकून देताना जीव तुटत नाही. शेपटी तीन मिलिमीटरपेक्षा जाड असेल, किंवा शेपटीच नसलेली साधी काडी असेल, तरी ते चालून जावं. शेपटी त्याहून पातळ असेल आणि तोच आकार वर्षभर ओतायचा असेल, तर मी तरी सिलिकॉनच कालवायला घेईन.