स्लीव्ह सर्जरीनंतर ‘प्रिस्क्रिप्शनच्या’ गोळ्या: माझे ३०,२४९ रुपये कसे गेले

रक्कम आधी लिहिते: ३०,२४९ रुपये. कन्सल्टेशनचे ९९९, तीन महिन्यांच्या कोर्सचे २२,५०० आणि ‘माल कस्टममध्ये अडकलाय’ म्हणून उकळलेले ६,७५०.

२०२१ साली वजन कमी करायला माझी स्लीव्ह सर्जरी झाली. जठराचा जवळपास ८० टक्के भाग काढतात त्यात. ११२ किलोवरून ७४ वर आले आणि मग हळूहळू ८३. ज्यांनी हे भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. जाऊबाई तोंडावर म्हणाल्या, “एवढे पैसे घातलेस, तरी पुन्हा सुटलीसच?” सर्जनकडे परत जायची लाज वाटते. ऑपरेशननंतर काही वजन परत येणं खूप जणांच्या बाबतीत घडतं, पण घरात हे पटवायचं कुणाला? नेमक्या अशाच माणसांना हेरून हे लोक जाहिराती दाखवतात. तेव्हा शिकलेली बाई फसलीच कशी, हे मला विचारू नका.

जाहिरात सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधाची होती. व्हिडिओ कॉलवर पांढरा कोट, मागे भिंतीवर डिग्र्या, बोलणं शांत, प्रत्येक वाक्यात ‘ताई’. चिठ्ठीवर रजिस्ट्रेशन नंबरही होता. कुणीही विश्वास ठेवला असता.

पण त्या माणसाने एक गोष्ट विचारली नाही. स्लीव्ह की बायपास, म्हणजे आतडं वळवून करतात ती वजनाची दुसरी सर्जरी? मी ‘सर्जरी झालीय’ म्हटलं, तो ‘उत्तम’ म्हणाला आणि पुढे गेला. माझा सर्जन, डाएटिशियन, रक्त तपासणाऱ्या लॅबमधली मुलगीसुद्धा हे आधी विचारते. जठर किती उरलंय, आतडं वळवलंय का, यावर गोळी अंगात किती शोषली जाईल हे ठरतं. तो प्रश्न आला नाही, तिथेच फोन ठेवायला हवा होता. रात्र रात्र हेच डोक्यात येतं.

दुसरी खूण कुरिअर उघडल्यावर दिसली. प्लास्टिकच्या बाटलीत सुट्या कॅप्सूल. सेमाग्लुटाइड तोंडाने घ्यायची तर ती गोळी असते, कॅप्सूल नाही. तिला दमट हवा सोसत नाही म्हणून आपल्याकडे ती सहसा सीलबंद स्ट्रिपमध्ये येते. बॅच नंबर नाही, लायसन्स नंबर नाही, प्रिस्क्रिप्शनच्या औषधावर असते ती लाल रेघही नाही.

कॅप्सूल घेतल्या आणि भूक मेली, ते खरं. पण तोंड कोरडं, झोप नाही, छातीत धडधड. बीपी १६०/१००. आमच्या फिजिशियनना सिब्युट्रामिन या भूक मारणाऱ्या औषधाचा संशय आला. हृदयाला धोका म्हणून २०११ पासून भारतात त्यावर बंदी आहे. बायपासवाल्यांनी तर ऑर्लिस्टॅट हे वजनाचं औषधसुद्धा स्वतःच्या मनाने घेऊ नये. ते चरबी शोषू देत नाही, आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं तुम्हाला आधीच कमी पडत असतात.

आता दाद मागायला गेले ते ऐका. पोलीस ठाण्यात म्हणाले, “मॅडम, ऑनलाइन तक्रार टाका.” टाकलीच होती. वर एकाने सगळ्यांसमोर विचारलं, “ऑपरेशन केलंत, मग गोळ्या कशाला?” बँक म्हणाली, यूपीआय पिन तुम्हीच टाकलात. औषधांच्या विभागात गेले तर लेबलवर ‘हर्बल सप्लिमेंट’ लिहिलंय म्हणून अन्न विभागात पाठवलं. अन्न विभाग म्हणाला, यात औषध आहे असा तुमचा आरोप आहे ना, मग औषध विभागात जा. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर, धडधडत्या छातीने! पक्कं बिल आणा म्हणे. चोर पक्कं बिल देतो का? आणि १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ खाली खरेदी करणारा स्वतः फी भरून सरकारी विश्लेषकाकडून औषध तपासून घेऊ शकतो, हे त्या इमारतीत एकानेही सांगितलं नाही. ते मला एका वकील मैत्रिणीकडून कळलं.

चिठ्ठीवरचा नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर टाकला, तर नाव भलत्याच डॉक्टरचं निघालं. दोन मिनिटांचं काम आहे, पैसे देण्याआधी करा. पैसे गेले असतील तर घरच्यांची परवानगी न मागता आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पसरते, माझी तशीच गेली. कस्टमच्या नावाने पैसे मागितले तर एक रुपया देऊ नका.

उरलेल्या कॅप्सूल फेकायला निघाले होते, ते मैत्रिणीने थांबवलं. बाटली, कुरिअरचं पाकीट आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट जपून ठेवलेत. कलम २६ चा अर्ज गेला आहे. ती जाहिरात मात्र नाव बदलून अजून चालू आहे.