कॅम्पर व्हॅन, अकरा महिने: सगळं झकास, पण बॅटरी कोण खातं?

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी सकाळी साडेसात. माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं) सामान, आईची डब्यांची पिशवी आणि दोन्ही मुलं गाडीत बसलेली. फोंड्याहून वाळपईला मूळ घरी निघायचं होतं. चावी फिरवली आणि गाडी फक्त ‘कट्’ म्हणाली. मेव्हण्याच्या गाडीवरून जंपर केबल लावून निघालो खरे, पण आईने वाटेत तीनदा ऐकवलं की इतक्या पैशांत अंगणात एक खोली झाली असती. त्या दिवशीच ठरवलं, या गाडीला एकच तारा द्यायचा. नंतर थोडं मत बदललं, ते पुढे येईलच.

पलंग, ओटा, पाण्याची टाकी याबद्दल सगळ्यांनी लिहून झालंय. माझीही तक्रार नाही. सिंकचा नळ हलतो, एवढंच. ऑक्टोबर ते मे मोले, तांबडी सुर्ला, चोर्ला घाट, एकदा तारकर्ली, एवढं फिरलो. बॅटरीने एकदाही दगा दिला नाही. जूनमध्ये पाऊस लागला, गाडी फणसाखाली उभी राहिली आणि तिथून दर पाचव्या दिवशी बॅटरी बसू लागली.

पहिल्यांदा बॅटरीवाल्याकडे गेलो. त्याने मीटर लावला, मान हलवली आणि नवी बॅटरी गळ्यात मारली. सात हजार गेले. नवी बॅटरीही सहाव्या दिवशी बसली. मग गाडी बांधून देणाऱ्याला फोन केला. वॉरंटी आहे ना? तो म्हणाला, “सर, गाडी वर्कशॉपला आणा, बघून सांगतो.” वर्कशॉप चारशेहून जास्त किलोमीटरवर, आणि तक्रार काय, तर गाडी सुरू होत नाही. हे मी त्याला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा तो “हो सर” म्हणाला.

आमच्या इथल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने मात्र पाच मिनिटांत सांगितलं, “पात्रांव, बॅटरी बरी आसा. तिका कोण तरी खाता.” पण चवथीपर्यंत त्याला वेळ नव्हता आणि मला धीर नव्हता.

मी नऊशे रुपयांचा क्लॅम्प मीटर मागवला. बॅटरीच्या वायरीला चिमटा लावला, आकडा ०.००. गळतीच नाही! बायकोला बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी हेडलाइट लावून पाहिला, तरी ०.००. तेव्हा उजेड पडला: स्वस्तातला क्लॅम्प फक्त घरातल्या विजेचा, म्हणजे दिशा बदलत वाहणारा ‘एसी’ करंट मोजतो, बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या ‘डीसी’ला तो आंधळा. डीसी मोजणारा तिप्पट महाग होता, म्हणून मीच घेतला नव्हता.

शेवटी जुना मल्टिमीटर काढला. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालून तो बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मालिकेत जोडला. “बघू तरी सुरू होते का” म्हणत मेव्हण्याने चावी फिरवली, मीटरचा फ्यूज गेला. फ्यूज बदलला, चावी खिशात ठेवली, सोलरची वायर आधीच सोडलेली होती, दाराची कडी स्क्रूड्रायव्हरने दाबून दिवा बंद केला आणि चहा प्यायला गेलो. ही वाट बघणं महत्त्वाचं. बॅटरी जोडल्या जोडल्या गाडीचे कॉम्प्युटर जागे होतात आणि आकडा उगाच मोठा दिसतो. पाऊण तासाने ०.५५ अँपिअरवर स्थिरावला. निरोगी गाडीला ०.०५ पर्यंत चालतं. म्हणजे अकरा पट.

डॅशबोर्डखालचे फ्यूज एकेक करून उपसले. आकडा ढिम्म हलेना. म्हणजे चोर फ्यूजबॉक्सच्या पलीकडे, बांधणाऱ्याने थेट बॅटरीवरून ओढलेल्या वायरींत. मग मागची, घरगुती वापराची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी सोडली. तिच्याकडे करंट जात असेल तर आकडा पडायला हवा. तो दुप्पट झाला! १.१२.

मी तिथेच पायरीवर बसलो. मागची बॅटरी चोर नव्हती, उलट ती चोराचा अर्धा खर्च उचलत होती. ती काढल्यावर सगळा भार पुढच्या बॅटरीवर आला. म्हणजे इंजिन बंद असतानाही दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. मधला चार्जिंगचा रिले, म्हणजे इंजिन चालू असतानाच दोघींना जोडणारा आपोआप चालणारा स्विच, खोलला तर आतले संपर्क वितळून चिकटलेले. ४० अँपिअरचा साधा रिले. मागची बॅटरी पार उतरलेली असताना इंजिन सुरू केलं की अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा) तिच्याकडे करंट ओततो, ते त्याला झेपलं नसणार.

पण चिकटलेला रिले नुसता रस्ता देतो, खाणारा कोण? इथे मीटरचा उपयोग झाला नाही, गादीचा झाला. पावसात आमच्याकडे चपला, पट्टे, मसाल्याचे डबे, सगळ्याला बुरशी येते. मागच्या बाकाची गादी उलटली तर खालून पूर्ण हिरवट-पांढरी, आणि मधोमध वीतभर जागा कोरडी, स्वच्छ, पापडासारखी. तिच्या बरोबर खाली इन्व्हर्टर. हात लावला तर कोमट. आणि स्विचच्या पॅनेलवरचं ‘इन्व्हर्टर’ बटण तर मी बंद केलेलं! ते बटण फक्त २३० व्होल्टचे सॉकेट तोडतो. खरा स्विच बाकाखाली, पेटीच्या मागच्या बाजूला, आणि तो चालूच. अकरा महिने इन्व्हर्टर रिकामा घुमत होता. त्याचा मोठा फ्यूज काढताच आकडा १.१२ वरून ०.१५ वर आला.

हिशेब मांडा. १.१ गुणिले २४ म्हणजे दिवसाला सव्वीस अँपिअर-तास. दोन्ही बॅटऱ्या मिळून २३०, चार-पाच दिवसांत निम्म्या. आणि उन्हाळ्यात का कळलं नाही? छतावरचे २०० वॅटचे पॅनेल उन्हात याच्या दुपटीहून जास्त भरत होते. आठ महिने सूर्य भरपाई करत होता आणि मी लोकांना सांगत होतो, काय सुंदर वायरिंग आहे.

आता मत बदलल्याचं. बांधणाऱ्याला शिव्यांचा लांब मेसेज लिहिण्याआधी जुने मेसेज चाळले. त्याने सुरुवातीलाच व्होल्टेज बघून जोडणारा-तोडणारा रिले सुचवला होता, साडेतीन हजार जास्त. खाली माझं उत्तर: “साधाच घाला, चालेल.” शिव्यांचा मेसेज पाठवला नाही. इन्व्हर्टरच्या बटणाचं पाप मात्र शंभर टक्के त्याचंच, त्यावर मी ठाम आहे.

आता तोच साडेतीन हजारांचा रिले बसवलाय. १३.३ व्होल्टला जोडतो, १२.८ ला सोडतो. मागच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर कटऑफ स्विच टाकला. उरलेल्या ०.१५ मध्ये गॅसचा अलार्म सर्वात मोठा, ०.०८. सिलिंडर आत आहे तोवर तो बंद करणार नाही. सिलिंडर घरात नेला की कटऑफ. यूएसबी सॉकेटवरच्या निळ्या दिव्यांचा राग आहेच, त्यांवर काळी टेप चिकटवली, त्याने करंट वाचत नाही हे माहीत असूनही.

साडेतीन तारे. अर्धा बॅटरीवाल्यामुळे कापला, त्याचा या गाडीशी संबंध नसला तरी.

अपडेट: गाडी नऊ दिवस फणसाखालीच, पाऊस चालूच. आज सकाळी पुढची १२.६, पहिल्या झटक्यात सुरू. गादी उलटून पाहिली. त्या वीतभर जागेवरही आता बुरशी आली आहे.