बँजोची साथ शिकवणारा ऑनलाइन अभ्यासक्रम : एक अभिप्राय

आपल्याकडे मिरवणुकीत वाजतो तो बेंजो म्हणजे कळांचा बुलबुल तरंग. हा अभ्यासक्रम मात्र अमेरिकेतील ब्लूग्रास या तंतुवाद्यप्रधान लोकसंगीतातल्या पाच तारी बँजोचा आहे. बँजोवादक अर्ल स्क्रग्ज यांनी 1945 साली ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे बिल मन्रो यांच्या वाद्यवृंदात येऊन लोकप्रिय केलेली तीन बोटांची शैली येथे केवळ गायकाच्या साथीपुरती शिकवली आहे, आणि हीच मर्यादा मला या अभ्यासक्रमाचे बळ वाटते.

पहिले तीन धडे उजव्या हाताचेच आहेत. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना नख्या (तार छेडायच्या टोप्या) चढवून आठ स्वरांचे आवर्तन तीन-तीन-दोन असे विभागायचे. त्यामुळे आघात सरकत राहतो आणि वादन घरंगळल्यासारखे पुढे जाते. साथीला जी, सी आणि डी-सेव्हन एवढ्याच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) लागतात; त्यांतील जीसाठी डाव्या हाताला तारा दाबाव्याही लागत नाहीत, कारण मोकळ्या तारा मुळातच जी कॉर्डमध्ये जुळवलेल्या असतात. माझी कॉर्ड बदलताना हमखास अडखळण होई. तेव्हा डावा हात चुकला तरी उजवा थांबवू नये, हा शिक्षकांचा सल्ला फार उपयोगी पडला.

गायन सुरू होताच बँजोचा आवाज कसा हळू करावा, हे मात्र अवघ्या पाच मिनिटांत उरकले आहे. साथीच्या अभ्यासक्रमात ही उणीव खटकते. शिवाय सरावाच्या ध्वनिफिती एकाच, बऱ्याच जलद लयीत असल्याने मला मेट्रोनोम (ठेका देणारे यंत्र) मिनिटाला साठ ठोक्यांवर लावून स्वतंत्र सराव करावा लागला.