दोन सूत, तीन सूत आणि एक एलन की: साडेतीन वर्षं वापरलेला ट्रायपॉड

आधीच सांगतो, या ट्रायपॉडच्या कंपनीचं नाव विचारू नका. मलाच माहीत नाही. २०२१ च्या दिवाळीनंतर मुंबईत फोर्टला, बोरा बाजारच्या गल्लीत जुन्या मालात तो घेतला, तेव्हा पायावरचं नाव कुणीतरी ब्लेडने खरवडून टाकलेलं होतं. दुकानदार म्हणाला, "साहेब, नाव कशाला बघताय, पाय बघा." म्हणून पाय बघितले. कार्बन फायबरचे, प्रत्येक पाय चार तुकड्यांचा, लॉक फिरवून आवळायचे. वर बॉलहेड, म्हणजे कॅमेरा हवा तसा वळवायचा गोळ्याचा सांधा. सगळं मिळून दीड किलोच्या आत. त्याने ८,००० सांगितले, ६,५०० ला सौदा पटला.

मी एसटीत मेकॅनिक आहे, बावीस वर्षं झाली. गाडीखाली झोपून काम करायची सवय. फोटोचा नाद चाळिशीत लागला आणि तोही फक्त जमिनीचा: डोंगर, कडे, वाळू, ढग. माणसांचे फोटो काढायला मला लाज वाटते. त्यामुळे हा रिव्ह्यू मेकॅनिकच्या नजरेचा आहे. अमुक ट्रायपॉड बारा किलो पेलतो, तमुक पंधरा, हे खोक्यावरचे आकडे मी वाचत नाही. माझा कॅमेरा लेन्ससकट दीड किलो भरत नाही. ट्रायपॉड वजनाने हलत नाही, वाऱ्याने हलतो, आणि त्याचा आकडा खोक्यावर कुणी छापत नाही.

दुकानात मी एकच परीक्षा घेतली. खालचं लॉक पूर्ण सैल करून पायाचा शेवटचा तुकडा बाहेर ओढला. दुकानदार दचकला. "अहो साहेब, तोडताय काय!" म्हटलं, बसवून देतो परत. आत प्लास्टिकच्या दोन पातळ अर्धगोल पट्ट्या आणि एक बुश. कुठेही चिकटवलेलं नाही, रिव्हेट मारलेला नाही. हेड फिरवून काढलं, खाली तीन सुती स्क्रू. कॅमेरा बसतो तो दोन सुती. इंचाचे आठ भाग केले की एक सूत. दोन सुतीला इंचात वीस आटे, तीन सुतीला सोळा. हे माप बहुतेक सगळ्या कंपन्यांचं सारखं, म्हणून याचं हेड त्याच्या पायावर बसतं. वर पाय जिथे सांध्याला जोडलेत तिथले बोल्ट ४ मिलिमीटरच्या एलन कीने (षट्कोनी किल्लीने) निघत होते. एका किल्लीत सगळी वस्तू उघडते म्हटल्यावर मी पैसे मोजले.

पहिली कसोटी हरिश्चंद्रगडावर, २०२२ च्या सप्टेंबर अखेरीस. पाचनईतून चढलो, कोकणकड्यावर संध्याकाळ गाठली. ज्यांनी तो कडा पाहिलाय त्यांना माहीत आहे, खालून वर येणारा वारा तिथे टोपी खाली पडू देत नाही, उलट तुमच्याच तोंडावर आणून मारतो. मी आपला सगळे पाय पूर्ण उघडून, मधला उभा दांडा, म्हणजे सेंटर कॉलमही वर ताणून, डोळ्याच्या उंचीला कॅमेरा लावलेला. सूर्य खाली गेला, दरीत ढग भरलेले, कड्याची आत वळलेली कमान तांबूस झालेली. अर्ध्या सेकंदाचे अकरा फोटो काढले. अकराच्या अकरा हललेले. गवताचं हलणं मी समजू शकतो, पण दगडही दोन-दोन दिसत होते.

पाचनईचे जे मामा वाट दाखवायला आले होते ते मागे दगडाआड बिडी ओढत बसले होते. म्हणाले, "भाऊ, बसा की खाली. उभं राहून कशापायी वारा खाताय?"

बसलो. सेंटर कॉलम खाली घेतला, पायाचे वरचे दोन जाड तुकडेच उघडे ठेवले, बोटाएवढा बारीक शेवटचा तुकडा आत ढकलला. कॉलमच्या खाली हुक असतो, त्याला बॅग लटकवावी असं सगळे सांगतात. लटकवली, तर ती लंबकासारखी डोलायला लागली आणि ट्रायपॉडला सोबत घेऊन डोलायला लागली. मामांनी बॅगेचा पट्टा लांब करून तिचा बूड जमिनीला टेकवला. पट्टा ताणलेला, बॅग टेकलेली. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) बंद केलं, दोन सेकंदांचा टायमर लावला. तेव्हा कुठे उजेड संपता संपता चार फोटो कडक आले. त्यातला एक आज आमच्या डेपोच्या कॅन्टीनमध्ये लावलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्य पाठीशी आणि ढग पुढ्यात असताना इंद्रवज्र दिसलं, ढगावरचं इंद्रधनुष्य, पूर्ण गोल, मध्ये माझीच सावली. ट्रायपॉड तेव्हा मुक्कामावर पडला होता. इंद्रवज्राला तो लागतही नाही, कॅमेरा हातात धरून फोटो काढला.

घरी आल्यावर सेंटर कॉलम हॅक्सॉने कापून टाकला. चार बोटं ठेवला. ओल्या फडक्यात धरून, तोंडाला रुमाल बांधून कापायचा, कार्बनची धूळ छातीत जाऊ द्यायची नाही. कडा पॉलिश पेपरने घासून एरल्डाइट लावलं. आता पाय पसरले की कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर येतो. कासच्या पठारावर याचा इतका उपयोग झाला की तो लांब कॉलम तीन वर्षांत मला एकदाही आठवला नाही. ज्याची उंची सहा फूट आहे आणि पाठ दुखते, त्याने मात्र असलं काही करू नये.

वाळवंट. जानेवारी २०२३, जैसलमेरजवळच्या सम गावची वाळू. तिथे उजाडायच्या आधी पोचावं लागतं, दोन कारणांनी. वाळूवरच्या लहरी फक्त तिरप्या उजेडात दिसतात, ऊन वर आलं की सगळं सपाट पिवळं. आणि आठ वाजेपर्यंत उंट, जीप आणि आपल्यासारखे लोक मिळून टेकडीचा बाजार करून ठेवतात. मी अंधारात चालत गेलो, पुढची टेकडी गाठली, मागे माझ्याच पावलांची रांग राहिली ती वेगळी.

आणि इथे माझी चूक झाली. वाऱ्यासाठी वरून उघडायची सवय लागलेली, म्हणून इथेही जाड तुकडे उघडले आणि सगळ्यात खालचं लॉक वाळूत पुरलं. निघताना फिरवलं तर आतून कर्रर्र. क्लच बेअरिंग गेलेल्या गाडीचा आवाज. कानाला इतका ओळखीचा की मी तिथेच थांबलो, पुढे फिरवलंच नाही. वाळूत, चिखलात, ओढ्यात उलटं करायचं: सगळ्यात खालचा बारीक तुकडा आधी पूर्ण बाहेर काढायचा, म्हणजे लॉक जमिनीपासून वर राहतं. वाऱ्यात वरून, वाळूत खालून. दोन्ही एकदम असेल तर देवाचं नाव घ्यायचं.

त्या रात्री लॉजच्या फरशीवर पेपर अंथरून तिन्ही पाय उघडले. नऊ लॉक, अठरा पट्ट्या. कुठली पट्टी कुठल्या पायाची हे कळावं म्हणून पेपरवर पेनाने खुणा केल्या. जुना टूथब्रश, साबणाचं पाणी, पुसून पंख्याखाली सुकवलं. ग्रीस लावलं नाही. आट्यांना ग्रीस लावलं की वाळूला कायमचं बिऱ्हाड मिळतं. पेट्रोल-रॉकेल तर प्लास्टिकच्या पट्ट्यांजवळ आणायचंच नाही. दीड तासात काम झालं आणि सकाळी लॉक लोण्यासारखं फिरलं. माझ्या खोलीत नाशिकचा एक पोरगा होता, त्याच्याकडे याच्या तिप्पट किमतीचा ट्रायपॉड. त्याचंही लॉक करकरत होतं, पण ते उघडतच नव्हतं. कंपनीकडे पाठवावं लागेल म्हणाला.

दुपारी डेझर्ट नॅशनल पार्कात फिरलो. ३,१६२ चौरस किलोमीटरचा हा मुलूख माळढोकासाठी राखलेला. माळढोक काही दिसला नाही. सेवण गवत, मधूनच एखादं खेजडीचं झाड आणि क्षितिजाची एक सरळ रेघ. अशा सपाट जागी रेघ जराशी जरी कलली तरी फोटो दारू प्यायल्यासारखा दिसतो, आणि त्या दिवशी कळलं की ट्रायपॉडवरचा पाणसळीचा बुडबुडा खोटं बोलतो. घरी गवंड्याच्या पाणसळीशी लावून पाहिलं, चांगलाच फरक. कॅमेऱ्यातली आडवी रेघ वापरा, तो बुडबुडा शोभेचा आहे.

मिठाने मात्र याला खरा हिसका दाखवला. २०२४ च्या माघी पौर्णिमेला कच्छच्या पांढऱ्या रणात, धोरडोला गेलो होतो. पौर्णिमेला पश्चिमेला सूर्य बुडतो त्याच सुमाराला समोर चंद्र उगवतो, आणि दोन्हींच्या मध्ये पांढरंशुभ्र मीठ. वीस मिनिटांचा खेळ. काठावर मीठ कडक होतं, थोडं आत गेल्यावर साखरेच्या पाकावर आलेल्या पापुद्र्यासारखं. एक पाय पापुद्रा फोडून खालच्या काळ्या चिखलात गेला. चंद्र वर आला, फोटो झाले, ट्रायपॉड उचलला तर दोन पाय आले आणि तिसऱ्याचा शेवटचा तुकडा तिथेच उभा. आवळायला विसरलो होतो. हात कोपरापर्यंत चिखलात घालून तो काढला. बायको बाजूला उभी राहून हसत होती, त्याचा फोटो मुलाने काढलाय, तो मी देणार नाही.

त्या भागात गोड्या पाण्याची चैन नसते. मुक्कामावरच्या माणसाला विचारून एक बादली घेतली आणि त्यातच सगळं धुतलं. तरी महिनाभराने सांध्यांचे बोल्ट गंजले. कार्बनचे पाय देऊन बोल्ट साध्या लोखंडाचे घालायचे, ही कंजुषी मला कळत नाही. एका बोल्टचं षट्कोनी भोक एलन कीखाली गोल झालं, तो छिन्नीने सोडवावा लागला. संगमनेरच्या हार्डवेअरच्या दुकानात त्याच मापाचे स्टेनलेस बोल्ट मिळाले, सहा बोल्ट नव्वद रुपये.

आता खरी तक्रार, बॉलहेडची. आवळलं की चित्र केसभर खाली उतरतं. मी सवयीने फ्रेम जराशी वर धरून आवळत होतो, चालून जात होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पितीला गेलो (रेकाँग पिओहून काझाला हिमाचलच्या सरकारी बसने, आणि सगळा रस्ता मी दरी न बघता ड्रायव्हरचं गिअर टाकणं बघत होतो, त्या माणसाला माझा सलाम). तिथला 'की गोम्पा' हा बौद्ध मठ ४,१६६ मीटरवर आहे. रात्री तिथे तारे काढायला उभा राहिलो तर थंडीने हेडमधलं ग्रीस गोठलं. बॉल फिरेच ना, मग जोर लावला की एकदम खट्‌कन पुढे. पाय मात्र छान वागले. ॲल्युमिनियमचा पाय अशा थंडीत हाताला चावतो, कार्बन तसा चावत नाही.

घरी येऊन हेड उघडलं. आत घट्ट, जुनं ग्रीस. धुऊन हलकं वंगण लावलं, आणि हा माझा प्रयोग साफ फसला: आता बॉल थंडीत फिरतो, पण उन्हाळ्यात कॅमेरा मान टाकतो. शेवटी ४,२०० रुपयांचं नवीन हेड घेतलं. तीन सुती स्क्रूवर सरळ बसलं. म्हणजे असा जुना ट्रायपॉड घेणाऱ्याने हेडचे पैसे वेगळे धरावेत. पाय एकदा, हेड दुसऱ्यांदा.

ताडोब्याचं थोडक्यात. १९५५ पासूनचं राष्ट्रीय उद्यान, डिसेंबरात तलावावर पहाटे जे धुकं येतं ते मला वाघापेक्षा प्यारं. पण गेटवरच गाइड म्हणाला, "सर, हे काय उपयोगाचं नाही, खाली उतरता येत नाही." खरं आहे. जिप्सीत ट्रायपॉड उभा केला तरी शेजारचा शिंकला की हलतो. तिथे जुन्या जीन्सचा एक पाय कापून बायकोने शिवून दिलेली पिशवी वापरली, आत दीड किलो मटकी. पिशवी जिप्सीच्या दांड्यावर, तिच्यावर लेन्स, इंजिन बंद. एका मिनिटासाठी गाडी बंद करा म्हटलं तर बाकीचे तिघं वैतागले, त्यांना वाघ हवा होता. परत आल्यावर मटकीची उसळ झाली. ट्रायपॉडच्या बाबतीत तेवढी सोय नाही.

सध्याची हालत: एका पायाच्या खालच्या लॉकमधली एक पट्टी मार्चमध्ये तडकली. नाव माहीत नाही, तर स्पेअर कुठे मागणार? पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक त्याच आकाराला कापून बसवलंय. मी स्वतः त्यावर भार देऊन वाकलो, तरी सरकली नाही. पाऊस उघडला की रतनगडावर नेतो, तिथल्या नेढ्यात, म्हणजे कड्याच्या आरपार भोकात, वारा असतो, तिथे कळेल.