म्हणे, फक्त पक्ष्यांनाच ऐकू येतो

बागेतल्या छोट्या तळ्यात माझे चार कोई (रंगीत जपानी मासे) आणि अकरा गोल्डफिश होते. एका सकाळी मोजले तर कोई तीनच. काठच्या चिखलात तीन बोटं पुढे आणि एक मागे असा, माझ्या तळव्याएवढा ठसा. राखी बगळा!

घाबरून मी त्याच रात्री ऑनलाइन ‘पक्षी पळवणारं अल्ट्रासॉनिक यंत्र’ मागवलं. जाहिरात म्हणत होती : आवाज माणसाला ऐकू येत नाही, फक्त पक्ष्यांना त्रास होतो, आणि पटलं नाही तर 15 दिवसांत पैसे परत. डबा आला, लाल दिवा लुकलुकू लागला. मला काहीच ऐकू येईना, म्हणजे यंत्र चालू आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. (आता आठवलं तरी हसू येतं.)

पाचव्या दिवशी एक गोल्डफिश गेला. विक्रेत्याला कळवलं. उत्तर अगदी गोड : ‘मॅडम, परिणाम दिसायला तीन आठवडे लागतात, रोज जागा थोडी बदलत राहा.’ मीही मुकाट्याने डबा या काठावरून त्या काठावर नेत राहिले. बाविसाव्या दिवशी पैसे मागितले, तर परतीची मुदत संपलेली! मुदत पंधरा दिवसांची आणि धीर एकवीस दिवसांचा, हे गणित त्यांनी आधीच मांडून ठेवलं होतं. वर सल्ला दिला की सोबत प्लास्टिकचा बगळा घ्या, खरा बगळा दुसऱ्याच्या हद्दीत उतरत नाही. यावरही भरवसा नको. बगळे एकाच पाणथळीवर जवळजवळ उभे राहून मासे टिपताना दिसतात.

दुसऱ्या दिवशी उजाडताना खिडकीतून पाहिलं, तर बगळा डब्याला खेटून एका पायावर उभा, आणि दिवा त्याच्या पोटाखाली लुकलुकतोय.

मग वाचायला बसले, जे आधी करायला हवं होतं. माणसाला साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्यापलीकडचं ते अल्ट्रासॉनिक. बहुतेक पक्ष्यांचे कान 10 किलोहर्ट्झच्या आसपासच हात टेकतात. म्हणजे जो आवाज मला ऐकू येत नाही, तो बगळ्याला कुठून येणार? स्क्रू काढून डबा उघडला. आत बॅटरी, दिवा, दोन वायरी. जाळीमागे स्पीकरच नव्हता.

असं काही घेणार असाल, तर किती किलोहर्ट्झचा आवाज आणि कोणत्या प्राण्यासाठी, हे लेखी विचारा. टाळाटाळ झाली की तिथेच थांबा. ‘अजून थोडे दिवस वाट पाहा’ म्हणाले, तर आधी परतीची शेवटची तारीख बघा आणि तिच्या आत लेखी तक्रार करा. डबा येताच व्हिडिओ काढत उघडा. मी काढला नव्हता, म्हणून स्पीकर तुम्हीच काढलात, असं ऐकून घ्यावं लागलं.

बगळा काठच्या उथळ पाण्यात पाय रोवून शिकार करतो. म्हणून मी उथळ कड खणून दोन-अडीच फूट सरळ खोल केली, तळाशी लपायला रुंद पाइप टाकले आणि पाण्याच्या वर वीतभर जाळं ताणून बांधलं. सैल राहिलं तर ते पाण्यात लोंबतं आणि बगळा त्यावरूनच चोच मारतो. तो अजून येतो, भिंतीवर बसून जाळ्याकडे बघतो. कोई अजून तीनच आहेत.