रोरीज स्टोरी क्यूब्ज : नऊ फाशांपैकी दोन पुरेत

रोरीज स्टोरी क्यूब्ज हा चित्रफाशांचा संच मी मराठी माध्यमाच्या शाळेत निबंध आणि कथालेखन शिकवताना, तसेच सुट्टीतील लेखनवर्गांत बराच काळ वापरते आहे. एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन गोष्टी समोरासमोर आणल्या की नवी कल्पना सुचते, या तत्त्वावर तो बेतलेला आहे. हे तत्त्व मला खरे वाटते. मात्र डबीसोबतच्या नियमांप्रमाणे खेळले तर ते पुरते हाती लागत नाही, आणि थोडा बदल करून खेळले तर फार चांगले लागते, असा माझा अनुभव आहे.

संचात नऊ पांढरे फासे आहेत. प्रत्येकाच्या सहा बाजूंवर सहा वेगळी काळी रेखाचित्रे, म्हणजे एकूण ५४ चित्रे : मेंढी, कासव, मधमाशी, पूल, किल्ली, कुलपाचे भोक, तराजू, पाऊलखूण, चुंबक, पॅराशूट, पिरॅमिड, अबॅकस, वीज, इंद्रधनुष्य आणि अशीच आणखी. उत्तर आयर्लंडमधील रोरी ओ'कॉनर हे सर्जनशील विचारपद्धतीचे प्रशिक्षक. त्यांनी २००४ च्या सुमारास ही कल्पना मांडली ती समस्या सोडवणाऱ्या प्रौढांसाठी, आणि तिचे पहिले रूप रुबिकच्या घनासारखे होते. त्या घनावरील चौकोन ५४ असतात, फाशांवरील चित्रेही ५४ आहेत. पुढे त्याचे सुटे फासे झाले आणि संच मुलांच्या खेळण्यांत जाऊन बसला. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, हे खेळणे मुळात विचाराचे साधन आहे आणि त्याची परीक्षाही त्याच दृष्टीने व्हायला हवी.

नियम सोपा आहे. नऊही फासे टाकायचे, ज्या चित्राकडे प्रथम लक्ष जाईल तेथून सुरुवात करायची आणि सर्व चित्रे गुंफून एक गोष्ट सांगायची. हार-जीत नाही, गुण नाहीत. नऊ फाशांवर चित्रांचे १,००,७७,६९६ मेळ जमू शकतात, त्यामुळे तीच मांडणी पुन्हा पडण्याची शक्यता जवळपास नसते.

वर्गात या नियमाने खेळल्यावर जे घडते ते मात्र बहुधा सारखेच असते. एक मेंढी होती, ती पुलावर गेली, तेवढ्यात वीज चमकली, मग तिला किल्ली सापडली, मग इंद्रधनुष्य दिसले, आणि मग ती घरी गेली. मुले आनंदाने सांगतात, लाजरी मुलेही तोंड उघडतात, आणि भाषेच्या तासाला हा लाभ लहान नाही. परंतु या गोष्टीत कोणतीही दोन चित्रे एकमेकांना खऱ्या अर्थाने भेटलेली नसतात, ती फक्त एकामागून एक येऊन जातात. मेंढीच्या जागी कासव ठेवले तरी काही बिघडत नाही. नऊ चित्रे संपवायची आहेत या घाईत प्रत्येक चित्राच्या वाट्याला एक वाक्य येते, आणि 'मग' या शब्दावर सगळा भार पडतो.

म्हणून मी नऊ फासे पिशवीत ठेवते आणि प्रत्येक मुलाला न बघता दोनच काढायला लावते. दोन फासे, दोन चित्रे, आणि एकच अट : पहिल्या गोष्टीमुळे दुसरी घडली पाहिजे, किंवा पहिलीशिवाय दुसरीला अर्थ उरता कामा नये. या एका बदलाने लेखनाची जातच पालटते. सहावीतील एका मुलीला तराजू आणि पाऊलखूण ही चित्रे मिळाली. तिने लिहिलेल्या गावात वाण्याकडे उधारीची वही नसते. ज्याच्याकडे बाकी असते त्याचे पाऊल मातीत खोल उमटते, आणि वाणी दुकानासमोरच्या धुळीतील खुणा तराजूत तोलून कोणाचे किती देणे आहे ते सांगतो. पावसाळ्यात सगळ्या खुणा धुऊन जातात आणि त्या दिवशी गावभर सुटका झाल्याचा आनंद असतो. तराजू आणि पाऊलखूण वेगवेगळी असताना ही गोष्ट कोठेच नव्हती, ती त्या दोहोंच्या मध्ये होती.

ही जोडीची रीत माझी नाही. इटलीतील बालसाहित्यकार जानी रोदारी यांनी ती फार पूर्वी सांगून ठेवली आहे. एका मुलाने फळ्याच्या दर्शनी बाजूला एक शब्द लिहायचा, दुसऱ्याने मागच्या बाजूला दुसरा, आणि दोन्ही शब्द एकदम उघड करायचे. त्यांच्या मते दोन शब्दांत पुरेसे अंतर हवे. घोडा आणि कुत्रा एकाच अंगणातले असल्याने कल्पनाशक्तीला जागेवरून हलावे लागत नाही, पण कुत्रा आणि कपाट यांना एकत्र आणायला तिला धडपड करावी लागते. मग ते दोन शब्द निरनिराळ्या संबंधांनी जोडून बघायचे : कुत्र्याचे कपाट, कपाटावरचा कुत्रा, कपाटातला कुत्रा.

या ठिकाणी मराठीत लिहिणाऱ्याच्या हाती मोठे धन आहे, कारण विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये हे काम आपोआप करतात. कासव आणि पॅराशूट ही चित्रे पडली की पहिले उत्तर ठरलेले असते : कासव पॅराशूट घालून आकाशातून उतरते. हे उत्तर मी लिहू देते आणि लगेच खोडायला सांगते. त्यानंतर फळ्यावर कासवाचे पॅराशूट, कासवातले पॅराशूट, कासवासाठी पॅराशूट, पॅराशूटखालचे कासव, कासवावाचून पॅराशूट असे लिहिले की मुले थबकतात. 'पॅराशूटखालचे कासव' वाचून एका मुलाला देवळाच्या सभामंडपातील दगडी कासव आठवले. भाविक शतकानुशतके ज्याला ओलांडून किंवा नमस्कार करून पुढे जातात, ते कासव एकदा छप्पर उडाल्यावर वरून आलेल्या पॅराशूटच्या कापडाखाली झाकले जाते आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणी ओलांडत नाही, असे त्याने लिहिले. दहा वर्षांच्या मुलाने हे लिहिले याचा मला अतिशय आनंद झाला. व्याकरणाच्या तासाला तोंडपाठ केलेली विभक्तीची सारणी येथे विचाराचे हत्यार झाली, हाही आनंद त्यात मिसळलेला होता.

शालेय कथालेखनाशी याची तुलना करायला हवी. परीक्षेत मुद्द्यांवरून कथा लिहायला सांगतात, आणि ते मुद्दे बहुधा आधीच एका सूत्रात ओवलेले असतात : गरीब मुलगा, रस्त्यात पाकीट, मालकाचा शोध, बक्षीस. विद्यार्थ्याने फक्त मधली वाक्ये भरायची. शब्दांवरून कथा हा प्रकार त्याहून मोकळा आहे, तरी तेथेही जंगल, शिकारी, हरिण असे एकाच कुटुंबातले शब्द दिले जातात. फाशांचा गुण असा की त्यांना कुटुंब ठाऊक नसते. निवड आपल्या हाती नसणे हेच त्यांचे मोल आहे, कारण माणसाला निवडू दिले की तो जवळचे आणि सोयीचे उचलतो, मग तो विद्यार्थी असो वा शिक्षक.

मोठ्यांच्या कामातही हा संच उपयोगी पडतो, आणि त्यासाठी तर एकच फासा पुरतो. आपली अडचण हा एक पक्ष, फासा हा दुसरा. आमच्या वाचनालयातील चांगली पुस्तके मुले उचलत नव्हती, त्यावर विचार करताना कुलपाच्या भोकाचे चित्र पडले. भोकातून थोडेसेच दिसते आणि म्हणूनच डोळा लावावासा वाटतो, या धाग्यावरून आम्ही काही पुस्तकांना खाकी कागद चढवला, त्याला लहानसे भोक पाडले आणि त्यातून आतील एकच ओळ दिसेल अशी सोय केली. ती पुस्तके मधल्या सुट्टीत हातोहात गेली.

तरीही फाशांकडून किती अपेक्षा ठेवावी याची मर्यादा स्पष्ट असावी. जपानच्या शिंकान्सेन या अतिवेगवान रेल्वेचे उदाहरण या संदर्भात नेहमी आठवते. वेगाने बोगद्यात शिरलेल्या गाडीपुढे हवा दाबली जाई आणि पलीकडच्या तोंडाशी मोठा धमाका होई. एइजी नाकात्सु या अभियंत्यांना खंड्या पक्षी हवेतून पाण्यात शिरताना पाणी फारसे उडवत नाही हे ठाऊक होते, आणि १९९७ मध्ये धावू लागलेल्या ५०० मालिकेच्या गाडीचे लांबट नाक त्या चोचीवरून घडले. रेल्वे आणि खंड्या यांच्याइतक्या दूरच्या गोष्टी क्वचितच असतील. परंतु नाकात्सु पक्षीनिरीक्षक होते, चोचीचा आकार आणि हवेचा दाब ही दोन्ही त्यांच्या अभ्यासातली होती. फाशावर पक्षी पडला म्हणून ती गाडी घडली नसती. फासे दोन गोष्टींची गाठ घालून देतात, त्यांच्याविषयीचे ज्ञान आपल्यालाच आणावे लागते. ज्या मुलाने मधमाशी नीट पाहिलेली नाही, त्याच्या गोष्टीत मधमाशी फक्त डंख मारते. म्हणून चित्र मिळाल्यावर त्या वस्तूविषयी माहीत असलेल्या पाच-सहा गोष्टी आधी लिहून काढायला लावणे मला आवश्यक वाटते.

आता संचाविषयी. फासे हाताला भरीव लागतात आणि रोजच्या वापरातही चित्रे पुसट झालेली नाहीत. लाकडी बाकावर मात्र त्यांचा फार आवाज होतो, तेव्हा खाली सतरंजी किंवा रुमाल घालावा. रेखाचित्रे साधी आहेत आणि ही साधेपणाची निवड उत्तम आहे, कारण त्यांचे अनेक अर्थ लागतात. उत्तर अमेरिकेतील आदिवासींचा शंकूच्या आकाराचा तंबू आमच्या मुलांनी वारीच्या मुक्कामातील राहुटी म्हणून वाचला, आणि तसे वाचण्याची मुभा खेळात आहेच. जादूची कांडी आणि परग्रहवासी ही चित्रे मात्र मला खटकतात. ती आली की मुले अडचण सोडवण्याचे कष्टच घेत नाहीत, कांडी फिरवून मोकळी होतात. ती बाजू वर पडली तर मी फासा पुन्हा टाकायला सांगते.

याच मालिकेत क्रियांची निळी चित्रे असलेला आणि प्रवासाची हिरवी चित्रे असलेला असे आणखी संच आहेत. क्रियांचा संच दुसरा म्हणून घेण्याजोगा आहे, कारण मूळ संचातील एक वस्तू आणि त्यातील एक क्रिया अशी जोडी फार जोमदार पडते. प्रवासाच्या संचात साहसकथेचा साचा आधीच तयार असल्याने माझ्या कामासाठी तो कमी उपयोगाचा ठरला.

किमतीचा प्रश्न उरतो. नऊ फाशांसाठी मोजावी लागणारी रक्कम अनेक पालकांना आणि शाळांना जास्त वाटेल, आणि ते समजण्यासारखे आहे. दोन डब्यांत घडी केलेल्या चिठ्ठ्या ठेवून हेच तत्त्व फुकट वापरता येते. एका डब्यात घरातल्या वस्तू, दुसऱ्यात घराबाहेरच्या : पाटा-वरवंटा, उंबरठा, दिवाण, एसटीचा थांबा, रहाट, बुजगावणे. चिठ्ठ्यांमुळे आपल्या परिसरातील वस्तू खेळात येतात, आणि फाशांना ते जमत नाही. उलट लिहिलेला शब्द एकाच अर्थाला बांधलेला असतो, चित्र मोकळे राहते, आणि वाचता न येणारे लहान मूलही त्यावर बोलू शकते. शिवाय दोन फासे धरून मोजले तरी चित्रांच्या १,२९६ जोड्या होतात, तेवढ्या जोड्यांसाठी दोन्ही डब्यांत छत्तीस-छत्तीस चिठ्ठ्या हव्यात, आणि त्या लिहिण्याची चिकाटी आमच्या शिक्षकखोलीत तरी कोणाकडे नाही.

भाषा शिकवणाऱ्या शिक्षकाने, ग्रंथपालाने किंवा सुट्टीत वर्ग चालवणाऱ्याने मूळ संच जरूर घ्यावा. पंचवीस-तीस मुलांच्या वर्गाला मुलांचे गट पाडून एक संच पुरतो. घरी एकाच मुलासाठी घ्यायचा असेल तर आधी महिनाभर चिठ्ठ्यांवर खेळून पाहावे, आणि मूल स्वतःहून डबे काढू लागले की मग फासे आणावेत.